ठमीचा रिपोर्ट

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत, आणि या खेपेला हे नुसतं रीत म्हणून लिहीत नाही. दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला काहीतरी वाईट घडलंय असंच वाटेल, म्हणून चांगली बातमी आधीच सांगून टाकतो. रिपोर्ट चांगला आला. सात महिन्यांत रक्तातलं शिसं एकतीसवरून अकरावर उतरलं.

रिपोर्ट माझा नव्हे, ठमीचा.

या उन्हाळ्यात तिचं पोट सारखं दुखायला लागलं. जेवायला बसली की रडारड. शाळेतल्या बाई म्हणाल्या, काल शिकवलेलं आज तिच्या लक्षात राहत नाही. आम्ही जंतांचं औषध दिलं, रागावलो, मी तर एकदा धपाटाही घातला. तो आठवला की आजही स्वतःचाच हात तोडावासा वाटतो. शेवटी डॉक्टर बाईंनी मला विचारलं, "तुम्ही काम काय करता?" मी म्हणालो, जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं वितळवतो, भट्टीवर. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ठमीचं नि माझं, दोघांचंही रक्त तपासायला लावलं.

माझं शिसं तिच्याहून जास्त निघालं, पण मी एवढा घोडा झालोय, माझं सोड. तिच्या अंगात ते आलं कुठून? भट्टीकडे ती कधी फिरकलीही नाही. ते मीच घरी आणलं, ताई. रोज संध्याकाळी मी दारात उभा राहायचो आणि ती माझे खिसे तपासायची. कामाच्या शर्टाच्या कुठल्यातरी खिशात एक लिमलेटची गोळी असायची, उघडीच. सापडली की थेट तोंडात. त्याच खिशांत भट्टीची दिवसभराची धूळ. लाडाने विष भरवलं मी पोरीला.

आता भट्टी सुटली, मला गोदामात टाकलंय. कामाचे कपडे तिकडेच राहतात आणि साबणाने स्वच्छ अंघोळ केल्याशिवाय मी निघत नाही. तरी तुझी भावजय दारात उभी राहून माझी नखं बघते, कडक मास्तरीणबाईंसारखी. घर रोज ओल्या फडक्याने पुसून काढतो. हो, मीच पुसतो, हसू नकोस. ठमीचं पोट दुखायचं थांबलं. परवा तिने सातचा पाढा न अडखळता म्हटला, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. डॉक्टर बाई म्हणतात, अजून बरेच दिवस तपासत राहावं लागेल, पण गाडी रुळावर आहे.

आता मुद्द्यावर येतो. एवढं पान भरलं ते इथे यायला नको म्हणूनच. दोन वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघरात तू मला म्हणालीस, "कामावरचे कपडे बदलल्याशिवाय पोरीला जवळ घेत जाऊ नकोस रे." त्यावर मी काय बोललो ते तुला माझ्याहून चांगलं आठवत असेल. "दवाखान्यात नोकरी लागली म्हणून भावाच्या घामाची किळस यायला लागली का?" तू पर्स उचललीस आणि गेलीस. मला वाटलं, बरी जिरवली.

पहिल्या रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर बाईंनी विचारलं होतं, "तुम्हाला हे कुणीच कधी सांगितलं नाही?" मी म्हणालो, "नाही." तुझी भावजय शेजारीच बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

काल अकराचा आकडा हातात आला तेव्हा मी आपणहून बोललो. "बाई, त्या दिवशी मी खोटं बोललो. सांगितलं होतं. माझ्या मोठ्या बहिणीने, तोंडावर सांगितलं होतं."

त्या म्हणाल्या, "मग पोरगी बरी होतेय हे त्यांना कळवलंत का?"

कळवतोय, ताई. माझं चुकलं.

तेव्हा तुझं न ऐकलेला,
आता तू काय बोलशील ते ऐकून घेणारा,
तुझा धाकटा