‘कुटुंबातील व्यक्ती : दोन’ ही नोंद दुरुस्त होणेबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी साहेब,
वीजजोडणी पडताळणी कक्ष,
मुळशी तालुका, जि. पुणे.

अर्जदार : युनूस बाबालाल मुलाणी, रा. भरे, ता. मुळशी. व्यवसाय : लवळे येथे कॅन्टीन.

विषय : पाहणी अहवालातील व्यक्तिसंख्या दुरुस्त होणेबाबत.

संदर्भ : १) गाडीच्या मीटरसाठी अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपला पाहणी अहवाल, दि. १४ ऑगस्ट २०२५.

महोदय,

१. अर्जदार सविनय कळवतो की, त्याच्याकडे पूर्वी पेट्रोलवरही आणि विजेवरही चालणारी जुनी हायब्रीड गाडी होती. तिच्या चार्जिंगसाठी आपण दारात वेगळे मीटर दिले होते. परंतु अर्जदाराच्या घरात कोणी त्या गाडीला वायर लावलीच नाही. टाकीत पेट्रोल असताना ती कटकट कोण करणार? मातोश्री रहिमतबी यांनी ती जाड केबल अंगणात बांधून तिच्यावर चार वर्षे गोधड्या वाळवल्या. वापर शून्य, म्हणून आपण मीटर काढून नेले. त्याबद्दल तक्रार नाही.

२. पुढे पत्नी आलिया हिला चौथ्यांदा दिवस गेले. मातोश्री, नवरा-बायको, फराज, मन्तशा, राहिल आणि येणारे बाळ, अशी सात माणसे पाच जणांच्या गाडीत कशी मावणार? म्हणून हायब्रीड देऊन सात आसनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. मीटर पूर्वी होतेच, परत मिळेल, असे अर्जदार धरून चालला. इथेच तो फसला. घरातल्या प्लगवर एकदा गाडी लावून पाहिली, तर स्वयंपाकघरातला बोर्ड जळाला, आणि आपल्याच वायरमनने पुन्हा तसे करण्यास मनाई केली.

३. पहिल्या अर्जावर शेरा आला की, मागील चार वर्षांत चार्जिंग शून्य, सबब गरज सिद्ध होत नाही. म्हणून दुसऱ्या अर्जासोबत बावधनच्या सार्वजनिक चार्जरच्या पावत्या जोडल्या. तिथल्या रांगेत मुलांनी गृहपाठ केले. आलियाने सुजलेले पाय डॅशबोर्डवर ठेवून अख्ख्या दुपारी काढल्या. त्यावर शेरा आला की, अर्जदाराची गरज बावधन येथे भागत आहे. आता यावर माणसाने काय बोलावे, साहेब?

४. मग गरज सिद्ध व्हावी म्हणून अर्जदाराने गाडी अकरा दिवस चार्जच केली नाही. ही अक्कल त्याची स्वतःची, दोष दुसऱ्या कोणाचा नाही. गाडी अंगणात ठप्प झाली, आणि नेमक्या अकराव्या दिवशी आलियाच्या पोटात कळा आल्या. शेजारच्या भैरूच्या पिकअपमध्ये, कडब्याच्या पेंढ्यांवर बसून ती दवाखान्यात गेली. कळा खोट्या निघाल्या, पण ती परत घरी आलीच नाही. तिन्ही मुलांना घेऊन सासवडला माहेरी गेली, त्यांचे शाळेचे दाखलेही काढून नेले. जाताना एवढेच म्हणाली, “एवढी मोठी गाडी दारात हाय, आन् मी कडब्यावर बसून आले. मीटर बसंल तवाच न्यायला या. तवर तोंड दावू नका.” तिसऱ्या अर्जावर आपला शेरा आहे : अकरा दिवस चार्जिंगविना निभावले, सबब तातडी नाही.

५. अखेर १४ ऑगस्ट रोजी आपले सहायक पाहणीस आले. अर्जदाराला वेड्यासारखी आशा वाटली. मातोश्रींनी त्यांना शेवया करून वाढल्या. त्यांनी गाडी पाहिली, घर पाहिले, चार खोल्यांतून फिरले आणि लिहिले : ‘कुटुंबातील व्यक्ती : दोन. सात आसनी गाडीची, पर्यायाने मीटरची, गरज दिसून येत नाही. प्रकरण बंद.’

६. साहेब, अर्जदार आता मीटर मागत नाही. मागून मागून तो थकला. आलिया येईल असेही त्याला वाटेनासे झाले आहे. प्रकरण बंद ते बंद. विनंती एवढीच की, त्या अहवालातील ‘दोन’ खोडून तिथे ‘सात’ लिहावे. ९ ऑगस्ट रोजी सासवड येथे अर्जदारास मुलगी झाली. तिला त्याने अद्याप पाहिलेले नाही, फोनवर रडताना ऐकले आहे. नाव अजून ठेवलेले नाही. नोंदीत तूर्त ‘बाळ’ असे लिहिले तरी चालेल.

आपला, अजूनही नम्र,
(सही)
युनूस बाबालाल मुलाणी
भरे, दि. २५ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) आपले तीनही शेरे.
२) गाडीचा फोटो. (टपावर वाळत घातलेल्या गोधड्या मातोश्रींच्या आहेत.)
३) मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत. नावाचा रकाना रिकामा आहे, वडिलांचा भरलेला आहे.