लाल शालीतली बाई

प्रिय फोल्कमार,

आईच्या खोलीतल्या चित्रातून तू ओटिली पणजीने काढलेली बाई पुसून टाकलीस, म्हणून लिहिते आहे. फोन केला तर मी ओरडेन आणि आई जागी होईल.

लिलावाआधी चित्र साफ करून घेऊ, असं तू म्हणालास. मी हो म्हटलं. साफ म्हणजे धूर आणि पिवळं पडलेलं रोगण, असं मी समजले. चित्र काल परत आलं. हार्त्स डोंगराचे कडे लखलखताहेत, ओढा पांढराशुभ्र, वादळाने मोडलेल्या फर झाडांच्या फांद्यासुद्धा मोजाव्यात. आणि पायवाटेवर कोणी नाही. लाल शालीतली, पाठीवर मोळी घेतलेली बाई नाही.

ज्याच्याकडे तू चित्र दिलंस, त्या तुझ्या चित्रांच्या जाणकाराला फोन लावला. "मॅडम, ती दुसऱ्या हाताची भर होती. आम्ही मूळ चित्र मोकळं केलं," म्हणाला. दुसरा हात कोणाचा, हे तुला ठाऊक होतं, गाढवा! त्या काळी कितीतरी चित्रकार डोंगर स्वतः रंगवत आणि माणसं दुसऱ्याकडून घालून घेत. हे चित्र रंगवणाऱ्या आपल्या पणजोबांना खडकाची भेग न भेग जमायची. माणूस काढला की बटाट्याचं पोतं व्हायचं. म्हणून त्यांची माणसं ओटिलीने काढली. सही त्यांची एकट्याची. बाकीची चित्रं युद्धात जळली. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं. आईने आपल्या दोघांना बसवून हे सांगितलं, तेव्हा तू केकवरचं क्रीम चाटत होतास.

आणि वर मला सांगतोस, "रानटी निसर्गात माणूस नसलेलाच बरा, गिऱ्हाईकाला तसं आवडतं." गिऱ्हाईकाला! आई रोज कॉफी पिताना त्या बाईशी बोलते. "चल गं, उचल पाय, अंधार पडेल." आज ती भिंतीवरच्या चित्रातली रिकामी पायवाट बघत राहिली. मग म्हणाली, "गेर्लिंडे, पोचली का गं ती घरी?" मी हो म्हटलं. आईशी खोटं बोलायची वेळ तू माझ्यावर आणलीस.

लिलावासाठी माझी सही हवी, म्हणून तुझा तगादा चालू आहे. केली सही. ते ओसाड डोंगर तुला लखलाभ. आईच्या भिंतीवर मला नकोत. चित्र साफ करणाऱ्या बाईंकडे मी दुपारी जाऊन आले. लाल शाल पुसलेला कापूस कचऱ्यात टाकायला त्यांचा हात धजला नव्हता. तुझा मात्र धजला.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
गेर्लिंडे

तुझ्या माणसाच्या हाती दिलं: चित्र, चौकटीसह, सही केलेला कागद.
मी ठेवून घेतलं: झाकणाची काचेची बरणी. आत कापसाचे बोळे, लाल.