आरती राहिली

विंझर, मंगळवार, मे २००३

सीडीच्या गाण्याचं शूटिंग झालं आज. भर दुपारी देवीचा चौक मांडून, दिवटी पेटवून म्या खराखुरा गोंधळ घातला. एकेका देवाला नाव घेऊन बोलावलं. तेवढं होताच पुण्याचा डायरेक्टर ओरडला, "कट! एवढंच पाहिजे होतं."

"साहेब, आरती राहिली. त्याबिगर देव माघारी जात न्हाईत."

"काका, आरती गाण्यात नाहीये."

त्याच्या माणसानं पेटती दिवटी बादलीत बुडवली. म्या गप का बसलो? टीव्हीत दिसायची हाव, दुसरं काय!

घरी बायकोनं इचारलं, "आरती झाली न्हवं?" म्या व्हय म्हणलो. दिवटी अजून ओलीच हाय.

आता ही सीडी घरोघरी लागंल. दर बारीला म्या देवांना बोलवीन, आन् दर बारीला आरती राहील.