दहावी वस्तू अजून परसातच

तीर्थरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक, असे लिहिणार होते. पण आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी कळवले होते की नव्या मेटल डिटेक्टरने परसात पुरलेल्या दहाच्या दहा वस्तू शोधल्या, आणि तुमचा जुना आता भंगारात द्यायला हरकत नाही. यातले पहिले वाक्य चूक होते आणि दुसरे उद्धट. जमिनीतून दहा वस्तू निघाल्या हे खरे, पण त्यांतल्या आपल्या नऊच. दहावा कुणा अनोळखी दाराचा गंजका कोयंडा होता. आपली दहावी अजून आत आहे.

ती म्हणजे लग्न ठरल्यावर होणाऱ्या नवऱ्याने मला दिलेली अंगठी. (ओरडू नका, मामी ऐकेल.) ती त्याच्या आईची होती आणि आईची दुसरी कुठलीही वस्तू त्याच्यापाशी नाही. पण नव्या यंत्राची परीक्षा घ्यायची तर सोने हवेच, आणि माझ्याकडचे सोने तेवढेच. शिवाय जागा मला ठाऊक असली तर मी नकळत नव्याला झुकते माप देईन, म्हणून पुरायचे काम बाबांवर सोपवले. बाबांचा जन्म परीक्षांवर देखरेख करण्यात गेलेला. मी रडकुंडीला येऊन जागा विचारली तर म्हणाले, "पेपर फोडायचा नसतो, बयो." शेवटी आई मध्ये पडली तेव्हा सांगायला तयार झाले, तर आठवेना. आता परसात उभे राहून "इथंच... नाही, इथं मी चप्पल काढली होती" असे पुटपुटतात. शुक्रवारी गवंडी येऊन सगळ्या परसात फरशी घालणार आहे. (त्याला बाबांनीच बोलावले. तो वार बरा आठवतो!)

तुलनेचे म्हणाल तर तुमचा जुना डिटेक्टर खिळा असो की कढईचा कान, एकाच सुरात बोंबलतो. (तुमच्या गुडघ्यात बसवलेल्या धातूच्या पट्टीलाही. त्या दिवशी तुम्ही स्वतःच्याच पायाभोवती खणत सुटला होतात.) नवा सुशिक्षित. पडद्यावर आकडा दाखवतो आणि कचऱ्याची दखलच घेत नाही. मी मोठ्या हौसेने त्याला शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या वगळायला लावले. नंतर माहितीपुस्तिकेत वाचले की बारीक अंगठीचा आकडा आणि त्या कड्यांचा आकडा सारखाच येतो. वगळणे बंद केले तर अख्खे परस बोलू लागले, कारण आमच्या आधी इथे शीतपेयांचे दुकान होते. मी आकडा बघते, "कडीच असणार" म्हणते, पुढे जाते, आणि जेवताना वाटते की तीच अंगठी होती. तुम्ही मला शिकवले होते, "आवाज आला की खणायचं, अक्कल नंतर." मी यंत्र नवे घेतले आणि अक्कल आधी वापरली.

तुमची, जमेल तितकी खरी,
भाची

ता. क. रिकामे बोट त्याला दिसू नये म्हणून मी पट्टी बांधली. पण पट्टी हेही खोटेच, म्हणून बोट दारात चेमटवून घेतले. (हळूच. पण दार जड आहे.) तो एक्स-रे काढतो, हे तुम्हाला माहीतच आहे. काल म्हणाला, "सूज उतरत नाही, हाडाचं बघायला हवं. गुरुवारी ये, मी स्वतः काढतो."

ता. क. आणखी. जुना डिटेक्टर पाठवा, असे लिहायला बसले होते. पण तोही कडीला ओरडेलच. तो भंगारात गेला असला तरी चालेल, तुम्ही या. मला यंत्र नको, प्रत्येक आवाजाला खणणारा माणूस हवा आहे. दवाखान्यात मी जाणार नाही. त्यालाच परसात बोलावून, पट्टी सोडून सगळे सांगणार आहे, आणि त्याने तरीही लग्न करायचे म्हटले तर एक कुदळ त्याच्याही हातात देणार आहे. उद्या नाही, परवा नाही. गुरुवारी, उजाडल्याबरोबर.