उपयोगाचं वाक्य

३ मार्च
आज 'निबंधवजा' हा शब्द माझ्या वाट्याला आला. अर्थ चटकन लिहिला — निबंधाच्या वळणाचे. मुद्द्यामागून मुद्दा मांडत जाणारे. घोडं अडलं ते उपयोगाच्या वाक्यापाशी. आमच्या शब्दकोशाचा नियमच आहे — वाक्य पुस्तकी नको, कुणाच्या तरी तोंडी शोभेल असं हवं. मग सगळेच घरच्यांना वाक्यांत कोंबतात. समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांची सासू 'कटकट'पासून 'खाष्ट'पर्यंत पसरली आहे!

मला गेल्या वर्षी आईच्या शोकसभेत बोलणारा दादा आठवला. कागदातून मान वर नाही. आईचा जन्म, आईचे गुण, आईची शिस्त, समारोप. शेजारी बसलेल्या मावशीने तर चक्क जांभई दिली. लिहून टाकलं — 'भावाचे आईवरचे भाषण निबंधवजा झाले. कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नाही.' संपादकबाई म्हणाल्या, वाक्य जिवंत आहे. दिवसभर मी हवेत.

११ मार्च
छापील पान हातात आलं. छापल्यावर ते वाक्य किती दुष्ट दिसतं! अण्णा 'लेकीचं काम' म्हणून माझं प्रत्येक पान भिंग लावून वाचतात, शेजाऱ्यांना दाखवतात. हे कसं दाखवू? बाईंकडे गेले, वाक्य बदलू द्या म्हटलं. त्या पानांचा फर्मा छापून झाला, आता काही होणार नाही, म्हणाल्या.

आईच्या मरणावर शाबासकी मिळवली मी. शी.

१२ मार्च
अण्णांचा फोन — पान आलं का? थाप मारली, मशीन बंद आहे.

१५ मार्च
दादा आला होता. न राहवून पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने दोनदा वाचलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "खोटं कुठे लिहिलंयस?" पानाची घडी घालून खिशात ठेवली. अण्णा वाट बघतायत, त्यांना देतो, म्हणाला. मी अडवलंही नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ मार्च
अण्णांचा फोन. म्हणाले, "अर्थ बरोबर लिहिलायस. भाषण मीच लिहून दिलं होतं त्याला. रडू येईल असं सगळं काढून टाकलं होतं — नाहीतर त्याला शेवटपर्यंत वाचता आलं नसतं गं."