अर्धवट आशीर्वादाचं तेल

बा, तू गेलास तेव्हा आपल्या वाडीवर लाईट नव्हती. आता लाईट हाय, तर माणसं नाय राहिली, नुसते पंखे झालेत. बटन दाबलं की फिरतात, बंद केलं की लोंबतात. तुला वाचता येत नव्हतं आन मला चौथीपुरतंच लिवता येतं, म्हंजे माझ्या चुका काढायला तू काय येणार नायस. तुझी नात दीड वर्साची हाय. तुझी छाती तिला आली बघ. गार वारं लागलं की घरघर सुरू, बरगड्या आत वढल्या जातात. मी तुला तसंच पडवीत बसून श्वास वढताना बघितलंय आन तू त्यातनं उठला नायस. कर्जतच्या डॉक्टरनं तिच्यासाठी वाफेचं मशीन दिलंय. दवा घालायची, मास्क लावायचा, पोर शांत होते. पण ते लाईटवर चालतं.

तुझ्या वक्ताला आयतवारी आठ घरं आपल्या पडवीत बसायची. शास्त्र वाचणारी बाय खालनं चालत यायची, पाऊस असला की यायची नाय, तरी प्रार्थना व्हायची, कारण गाणी तुला सगळी पाठ. तू ती खालापूरच्या भट्टीवर पाठ केलीस. एका खेपेला एक ओळ. डोक्यावर इटा, तोंडात ओळ, इटा खाली टाकल्या की दुसरी ओळ. मला बी तसंच लावलंस. माझ्या डोक्यावर दोनच इटा, तरी एकदा मधली ओळ गाळून मी पुढं पळाले तर तू वरडलास, "ये पोरी, मागं जा. इटा घेऊन मागं जा. देवाला काय तू अर्धी भाकर वाढशील?" मी रडत मागं गेले. मुकादम हसत होता. तू नाय हसलास.

आता पास्टर मोबाईलवर येतो. कुठल्या शहरात बसतो कुणाला ठाऊक नाय. अंगात कोट, मागं निळ्या-लाल लायटी. तो सांगतो, तेलाची बाटली मोबाईलसमोर धरा, मी इथनं प्रार्थना करतो, तेल पवित्र होईल. आन आपली माणसं धरतात. जी माणसं जंगलात कंद कुठं हाय ते नुसत्या वेलीवरनं सांगायची, ती आयतवारी बाटली धरून काचेपुढं बसतात. गाणी बी मोबाईलवरच. कुणाला दोन ओळींच्या पुढं येत नाय.

गेल्या आठवड्यात वाऱ्यानं झाड तारेवर पडलं. शुक्रवारपासनं लाईट गेली. शनवारी वाडीवरचे बाकी सगळे मोबाईल मेले. माझ्या मोबाईलात चार्जिंगची एक काडी होती. मी तो बंद करून ठेवलेला, पोरीचं वाढलं तर खालच्या रिक्षावाल्याला फोन करायला. नवरा रसायनीला कंपनीत, सोमवारी येणार होता. आयतवारी सकाळी पोरीनं दूध सोडलं, ओठ काळवंडले. मी मोबाईल चालू केला, तेवढ्यात शेजारची काकी तेलाची बाटली घेऊन दारात. मागं आणखी तिघी, त्यांच्या बी हातात बाटल्या.

"पास्टरची वेळ झाली गं. लाव."

"काकी, रिक्षाला फोन करायचाय."

"रिक्षावाला काय देव हाय? आदी तेलावर प्रार्थना घे, पोरीच्या छातीला लाव, मंग कर. दोन मिन्टाचं काम."

आन मी लावला. बा, मी लावला. मला भ्या वाटलं, प्रभूला सोडून आदी रिक्षा बोलवली आन पोरीला काय झालं तर? चार बाटल्या काचेपुढं आल्या. "सर गं मागं, तुझ्या बाटलीची सावली माझ्या तेलावर पडते." "तुझं खोबऱ्याचं हाय, माझं तिळाचं हाय, माझं पुढं पायजे." पास्टरनं हात वर केला, तोंड उघडलं, आन तिथंच अडकला, पाण्याबाहेर काढलेल्या मळ्या माशासारखा. मधी चकरी फिरत राहिली. मंग काच काळी झाली.

"आमेन झालं का गं?" काकीनं इचारलं.

"नाय झालं."

"मंग तेल कच्चं राह्यलं."

"वरचं झालं असेल," दुसरी म्हणते, "वरवरचं काढून लाव."

पोर माझ्या मांडीवर पाण्यातनं काढल्यासारखी तडफडत होती. त्या खोलीत चौघींचे आठ हात होते, आठी बाटल्यांना. येशूनं आजाऱ्याला हात लावला, हे तूच मला सांगितलंस. त्यांच्यातल्या एकीनं बी माझ्या पोरीला हात लावला नाय.

मी तिला फडक्यात बांधली आन पळाले. खालची सडक तासाभराची. वाटेत गाणं म्हणायला गेले, तर तिसरी ओळच येईना. तू पाठ करून घेतलेली ओळ, बा. मोबाईल आल्यापासनं मी ती कधी तोंडानं म्हटलीच नव्हती. मी त्या दोनच ओळी घोकत उतरले, ठेचा खात. सडकेला दुधाचा टेंपो भेटला, त्यानं कर्जतच्या दवाखान्यात सोडलं. मास्क लावला. पोरीचा रंग परत आला. नर्स खेकसली, "एवढा उशीर? जरा आदी आणायला काय झालं होतं?" बाहेर जनरेटर धडधडत होता. आभार मानायला मी डोळे मिटले नाय. मी त्या मशीनच्या वायरीकडं बघत होते, कुणी पाय लागून काढू नये म्हणून.

नवरा सोमवारी दवाखान्यात धावत आला. "खालच्या रिक्षाला फोन का नाय केलास?"

"मोबाईल शनवारीच मेला होता," मी म्हटलं. त्याच्यासंगं आलेली काकी बाजूला उभी होती, तिनं मान हलवली.

तेव्हापासनं तो लाईटवाल्यांना शिव्या घालतो, माझ्या पोरीच्या जिवावर उठले म्हणून. त्याला वाचता येतं, म्हणून हा कागद ठेवायचा नाय. सकाळी चुलीत घालीन. पण काल काय झालं ते तुला सांगते. वायरमन आला होता. खांबावरनं उतरला, घामानं निथळत आपल्या दारात आला आन पाणी मागितलं. नवऱ्यानं त्याला हाकलून दिलं. मी आत हंड्यापाशीच होते, हंडा भरलेला. तो माणूस माझ्याकडं बघत होता. मी तोंड फिरवलं, बा. मी बी नाय दिलं.