वेलीला लोखंड

बा, इथं वेल कापावी लागते. चैत्रात एकदा अन् दसरा झाला की एकदा, धारदार कोयत्यानं. एवढं एक वाक्य लिहून मी किती वेळ नुसता बसून राहिलो. तू असतास तर पुढचं ऐकलंच नसतंस, खांद्यावर उपरणं टाकून मळ्यात निघून गेला असतास. आता तुला उठून जाता येत नाही, म्हणून सगळं सांगतो. पंतोजीकडं तू मला धाडलंस अन् मी तिथून पळून पळून घरी आलो, त्यातून जी अक्षरं हाती लागली त्यांच्यावरच हे चाललं आहे.

मी नाशिकच्या अलीकडं, गोदावरीच्या अंगाला, एका पारशी शेटच्या द्राक्षमळ्यावर कारभारी आहे. कारभारी म्हटलं की तू मिशीत हसशील, पण इथले गडी मला तसंच म्हणतात. शेट मूळचा कापसाचा व्यापारी. अमरावती, अकोला, सगळीकडं खरेदीला यायचा. कापसावर त्याचं घर मोठं झालं अन् मग त्याच्या मनात आलं, पलटणीतले गोरे जी द्राक्षाची दारू विलायतेहून जहाजानं मागवतात, ती आपणच इथं का काढू नये? हो, दारूच. ते आधीच सांगून टाकतो, मागाहून तुला कळायला नको. आपली पानं देवापुढच्या विड्यात जायची, माझी द्राक्षं पिंपात जातात. मी त्याला भेटलो अकोल्याला, आगगाडीत कापसाच्या गठाणी चढवत होतो तेव्हा. त्यानं सहज विचारलं, तुझ्या घरी काय करतात? मी म्हटलं, पानमळा होता. तो म्हणाला, "वेली सांभाळते? माझ्याकडे पण वेली आहे. चल." त्याला वाटलं वेल म्हणजे वेल. मलाही तसंच वाटलं, बा. त्या एका शब्दावर मी आगगाडीत बसलो.

आपला मळा मला अजून पायांनी आठवतो. अकोटाकडच्या त्या उन्हात बाहेरची काळी जमीन तव्यासारखी तापलेली असते, अन् कुडाचं दार लोटून आत पाऊल टाकलं की तळव्याला एकदम गारवा लागतो. शेवरी-पांगाऱ्यांच्या रांगा, त्यांच्यावर चढलेल्या पानवेली, वर पानांचं छत. मी चप्पल घालून आत शिरतो अन् तू दुरूनच ओरडतोस, "पायातलं काढ आधी! देवळात जाऊन राहिला तं काय घालून जाशीन?" पान खुडायचं ते अंगठ्याच्या नखानं. वेलीला लोखंड लावायचं नाही, हा आपल्या घरचा नेम. एकदा वाटेत आडवी आलेली वेल मी विळ्यानं छाटली. तू मारलं नाहीस. माझ्या हातातला विळा घेतलास, ओली माती कालवून वेलीच्या तुटल्या टोकाला लावलीस अन् म्हणालास, "रडते ते. तुले ऐकू नाई येत." मी त्या वेलीला कान लावून बसलो, बा. खरंच बसलो. दिवसभर माय हाका मारत होती, "काहून रे, वेलीशी लगन लावलं काय?"

शिमगा झाला की तू वेली उतरवायचास. वर्षभर वर चढलेली वेल हळूच सोडवून खाली आणायची, तिचं वेटोळं करायचं अन् बुंध्याशी मातीत निजवायची. वर फक्त शेंडा ठेवायचा. मला ते बघून भीती वाटायची, एवढी मोठी वेल तू पुरतोस म्हणून. थोड्या दिवसांनी तोच शेंडा पुन्हा शेवरी चढायला लागायचा. तू सांगायचास, चढून चढून थकते ते, तिले मातीत झोपू द्याव लागते. संध्याकाळी चुलीपुढं माय अन् तू पानं निवडत बसता, ओल्या फडक्यावर हिरवे ढीग, भाकरीच्या वासात पानांचा वास मिसळलेला. साबूत पान विकायच्या डालीत, फाटकं पान घरात. तू उभा जन्म पानं पिकवलीस अन् फाटकंच खाल्लंस.

मग सातासमुद्रापलीकडं कुठं तरी लढाई लागली, तिथला कापूस अडला अन् आपल्याकडं कापसाला सोन्याची कळा आली. लोकांनी ज्वारी मोडली, गुरांचं रान मोडलं, अंगणातसुद्धा कपाशी टोचली. आपण दोघं पानांच्या डाली घेऊन अमरावतीला गेलो तो दिवस मला आठवतो. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गाडीला गाडी भिडलेली, हवेत कापसाची फुई, बैलांच्या शिंगांवर फुई, माणसांच्या मिशांत फुई. तुझ्या ओळखीचा एक दलाल आला, तुझ्याच डालीतलं पान उचलून त्यानं तोंडात घातलं अन् म्हणाला, "बुवा, काहून हा पाला घेऊन हिंडून राहिले? मळा मोडा, कपाशी लावा. पुढल्या साली तुमी बी पालखीत बसान."

तू म्हणालास, "कापूस चावून पाह्यला का भाऊ कधी? आधी ते पान थुक, मंग बोल."

भोवतालचे गाडीवान हसले. दलालही हसला, पण पान काही थुंकला नाही. परतताना पूर्णेच्या पात्रात तू बैल सोडलेस. मग उरलेल्या डालीत हात घालून एक पान काढलंस, धोतरानं पुसलंस, चुना लावलास अन् माझ्यापुढं धरलंस. मोठं, साबूत पान.

"घे. आज साबूत खा."

"काहून?"

"असंच. खा मुकाट्यानं."

तुला तेव्हा काय दिसलं होतं ते तू सांगितलं नाहीस, मी पुन्हा विचारलंही नाही. मी नुसता खूश होऊन चावत राहिलो. त्याच पावसाळ्याच्या शेवटी तुला हिवताप धरला अन् तू उठला नाहीस. दिवाळीनंतर काकानं मळ्यात कुऱ्हाड घातली. शेवऱ्या पडल्या, पांगारे पडले, सावली गेली अन् वेली दोन दिवसांत उन्हानं काळ्या झाल्या. तिथं कपाशी आली, चांगलीही आली. पुढं लढाई मिटली, भाव उतरला, तेव्हा काका पुन्हा पान लावू म्हणाला. पण पानवेलीला आधी सावली लागते, अन् सावली काही बाजारात विकत मिळत नाही. माझे पाय त्या रानात ठरेनात. कधी कापसाच्या गाडीवर, कधी सरकी काढायच्या रेच्यावर, कधी अकोल्याच्या ठेसनावर, असा मी फिरत राहिलो, तो शेट भेटेपर्यंत.

इथं आलो तर काय, द्राक्षाच्या वेलीही पांगाऱ्यावरच चढवलेल्या! मी दाराशी चपला काढल्या. गडी हसले, "वऱ्हाडी भटजी आला" म्हणाले. हसू दिलं. मी वेलींना भरपूर पाणी दिलं, वरून सावली केली, एकीलाही लोखंड लावू दिलं नाही. इथं एक म्हातारी विधवा कामाला आहे, सगळे तिला मावशी म्हणतात, तिचा सगळा जन्म द्राक्षांत गेला. दसऱ्यानंतर ती कोयता घेऊन आली तर मी तिला अडवलं. ती म्हणाली, "आरं वऱ्हाड्या, हिचे लाड करशील तर ही नुसती पानं दील. कापल्याबिगर घड धरत न्हाई ही." मला वाटलं, ही बाई वेलीची वैरीण आहे. मी मळ्याचं दार लावून घेतलं.

अन् पानं आली, बा. काय पानं आली! तू बघायला हवं होतंस. तळहाताएवढी, हिरवीगार, सगळा मळा झाकून गेला. फाल्गुनात शेट आला, सोबत दारू गाळणारा एक गोरा. दोघं मळाभर फिरले. एक घोस सापडला नाही. शेटचं तोंड लाल झालं. "अरे, मी द्राक्षाचा मळा दिला, तू जंगल केला! हा पाला पिळून काय बकरीला पाजू?" मग तो शांतपणे बोलला, ते जास्त लागलं. "पुढचा फाल्गुनमां घोस नाय दिसला तर समदा उपटून टाकेन. कापूस लावेन. आ जमीनमां कापूस पण चालते."

कापूस. तो शब्द ऐकला अन् मला काकाची कुऱ्हाड ऐकू आली. वेली वाचवायच्या तर कापायच्या, अन् नाही कापल्या तर कपाशी. मी रात्रंदिवस तुझ्याशी भांडलो, बा.

चैत्रातल्या एका सकाळी मी मावशीपुढं जाऊन उभा राहिलो. तिनं कोयता दिला. पहिल्या वेलीपाशी गेलो अन् हात थरथरायला लागला. मावशी मागून म्हणाली, "हाताचं कापणं ऱ्हाऊ दे, वेल काप." मी कापली. मग दुसरी, मग सगळी रांग. ती दाखवत गेली, कुठं फुटव्याचा डोळा ठेवायचा, कुठून उडवायचं. संध्याकाळी रांगांत नुसते खुंट उरले. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर कापल्या टोकांतून पाणी ठिबकत होतं. या टोकावर थेंब, त्या टोकावर थेंब, खाली माती ओली. लहानपणी कान लावून जे ऐकू आलं नव्हतं, ते आता डोळ्यांना दिसलं. मी धावत जाऊन चिखल कालवला अन् एकेका टोकाला लावत सुटलो, तू लावला होतास तसा. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "किती टोकांस्नी लावशील? रडू दे की. रडती म्हंजी जित्ती हाय. कोरडी ऱ्हायली आसती तर मग तू रडला आसतास."

मी चिखलाचे हात तसेच घेऊन खाली बसलो. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. कदाचित तुलाही ठाऊक नसेल.

दसऱ्यानंतर दुसरी छाटणी मी न सांगता केली. थंडी पडली तेव्हा मोहरीएवढे हिरवे दाणे दिसले, अन् फाल्गुनात वेलींवर घोस लोंबले. शेटनं एक द्राक्ष तोंडात टाकलं, डोळे मिटले, बी थुंकलं अन् मला म्हणाला, "कापूस नाय." एवढंच. पहिलं पिंप फोडलं तेव्हा गोऱ्यानं चाखून तोंड वाकडं केलं, मग पुन्हा पेला भरला. मी चाखली नाही. वासावरून मात्र वाटलं, मळ्यातला गारवाच त्यात कुठं तरी आहे.

हे मायला पाठवलं असतं. पण ती वाचून घेणार काकाकडून, अन् काका मोठ्यानं वाचणार, की बघा, यानंही वेलीला लोखंड लावलं. म्हणून हा कागद इथंच राहणार.

एक गोष्ट राहिली. विहिरीजवळची एक वेल मी कापलेली नाही. चैत्रातल्या त्या छाटणीआधी, शिमगा झाला तेव्हाच, तिला पांगाऱ्यावरून उतरवली, वेटोळं केलं अन् मातीत निजवली, शेंडा वर ठेवून. शेटनं विचारलं तर म्हटलं, कलमांसाठी ठेवली आहे. मावशीला खरं कळलं आहे, पण ती गुपचूप तिलाही पाणी घालते. त्या वेलीला घोस येत नाही, नुसती पानं येतात. दुपारी कुणी नसलं की त्यातलं एक खुडतो, नखानं, चुना लावतो अन् चावतो. आंबट लागतं, बा. रंगतही नाही. अन् खुडताना समोर एवढी मोठी साबूत पानं असतात, तरी हात आपोआप फाटक्याकडंच जातो.